द बेअर कॉमेडी कशी? एमी २०२४ चे निकाल आणि रांगेचा खेळ

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. प्रवासात नेट गेलं की ऑडिओ मध्येच अडकतो, म्हणून बऱ्याच जणांनी मागितला होता. बोलताना अर्धवट सोडलेली वाक्यं इथे पूर्ण केली आहेत, बाकी मजकूर जवळपास तसाच आहे. एका ठिकाणी स्पॉयलर आहे, तिथे आधी सांगेन.

विषय तुम्हाला माहीतच आहे. ७६ वे प्राइमटाइम एमी पुरस्कार. १५ सप्टेंबर २०२४, रविवारची रात्र, लॉस एंजेलिसचं पीकॉक थिएटर. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, साडेपाच. सूत्रसंचालनाला यूजीन लेव्ही आणि डॅन लेव्ही. एमीचं सूत्रसंचालन बाप-लेकाच्या जोडीने करण्याची ही पहिलीच वेळ, आणि दोघांनी काम झकास केलं.

पण निकाल लागले आणि मेसेज यायला लागले. दहातले सात एकाच प्रश्नाचे: "अरे, द बेअर कॉमेडी कशी?" दोन-तीन जणांचा दुसरा प्रश्न: "मग ती जिंकता जिंकता हरली कशी?" आणि एकीने विचारलं, "शोगुन जपानी आहे ना? मग ती अमेरिकन एमीत काय करते?"

प्रश्न तीन आहेत, पण उत्तर फिरून एकाच जागी येतं. कोण जिंकणार हे मतदानात ठरतं, मान्य. पण कोण कोणाविरुद्ध उभं राहणार हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. आज तेच उलगडून बघू.

आधी निकाल, पटकन

ड्रामा: शोगुन. मालिका, दिग्दर्शन, प्रमुख अभिनेता हिरोयुकी सनाडा, प्रमुख अभिनेत्री ॲना सावाई. मुख्य सोहळ्यातले हे चार, आणि आठवडाभर आधीच्या क्रिएटिव्ह आर्ट्स सोहळ्यातले चौदा. एकूण १८. एका मालिकेला एका सीझनसाठी इतके एमी याआधी कधीच मिळाले नव्हते.

कॉमेडी: मालिकेचा पुरस्कार हॅक्सला. लेखनही हॅक्सचं, प्रमुख अभिनेत्री हॅक्सची जीन स्मार्ट. पण प्रमुख अभिनेता, दोन्ही सहायक कलाकार आणि दिग्दर्शन हे चार द बेअरकडे. द बेअरचे एकूण ११, म्हणजे तोपर्यंत एका वर्षात कॉमेडी मालिकेने जिंकलेले सर्वाधिक. आधीचा १० चा विक्रमही तिचाच, तोही त्याच वर्षीच्या जानेवारीतला. संपांमुळे ७५ वा सोहळा पुढे ढकलला होता, त्यामुळे २०२४ मध्ये दोन एमी सोहळे झाले.

लिमिटेड सिरीज, म्हणजे एकाच सीझनमध्ये गोष्ट संपवणाऱ्या मालिका: बेबी रेनडिअर. मालिका, लेखन, प्रमुख अभिनेता रिचर्ड गॅड, सहायक अभिनेत्री जेसिका गनिंग. प्रमुख अभिनेत्री मात्र ट्रू डिटेक्टिव्हसाठी जोडी फॉस्टर.

आता मुद्द्यावर येऊ.

रांग कोण ठरवतं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून आमच्यातलं उदाहरण देतो. ग्राहकाची तक्रार आली की पहिलं भांडण हेच, की हा बग म्हणायचा की नवीन फीचरची मागणी? काम तेच, कोड तोच. पण लेबल बदललं की टीम बदलते, डेडलाइन बदलते आणि शिव्या कोणी खायच्या तेही बदलतं. म्हणून हुशार मॅनेजर कामावर वाद घालत नाही, लेबलवर घालतो.

एमीतही असंच आहे. मालिका कॉमेडी की ड्रामा हे अर्ज भरताना निर्माते सांगतात.

मध्ये काही वर्षं इथे कडक नियम होता. २०१५ मध्ये टेलिव्हिजन अकादमीने घड्याळ लावलं: अर्ध्या तासाची मालिका कॉमेडी, तासाभराची ड्रामा. वेगळं काही हवं असेल तर समितीकडे विनंती करा. त्यात गंमत अशी झाली की ऑरेंज इज द न्यू ब्लॅक २०१४ मध्ये कॉमेडीत होती, ती २०१५ मध्ये ड्रामात गेली. उझो अडुबा या अभिनेत्रीने त्याच मालिकेतल्या त्याच भूमिकेसाठी एका वर्षी कॉमेडीचा एमी घेतला आणि पुढच्या वर्षी ड्रामाचा! भूमिका तीच, फक्त पाटी बदलली.

डिसेंबर २०२१ मध्ये अकादमीने घड्याळाचा नियम काढून टाकला. आता लांबी कितीही असो, कुठे उभं राहायचं ते निर्मात्यांनी ठरवायचं. समितीला हस्तक्षेप करता येतो, पण पहिला शब्द निर्मात्यांचा. द बेअर आली २०२२ मध्ये, म्हणजे या बदलानंतर. अर्थात तिचे बहुतेक एपिसोड अर्ध्या तासाच्या आसपासचे, त्यामुळे जुन्या नियमातही ती कॉमेडीतच बसली असती. म्हणून फक्त नियमाला दोष देऊन चालणार नाही. घड्याळ लावा नाहीतर काढा, "यात हसायला येतं का?" हा प्रश्न अर्जात कुठेच नाही.

मग हसू आलं का?

स्पॉयलर! द बेअर बघायची असेल तर पुढचा एक परिच्छेद सोडा.

२०२४ मध्ये दिग्दर्शनाचा कॉमेडी एमी क्रिस्टोफर स्टोररला मिळाला तो दुसऱ्या सीझनच्या "फिशेस" या एपिसोडसाठी. तासाभराहून मोठा एपिसोड. नाताळचं जेवण, घरभर पाहुणे, सगळे एकमेकांवर ओरडतायत, आई स्वयंपाकघरात हळूहळू कोलमडत जाते आणि शेवटी गाडी थेट घरात घुसवते. आईच्या भूमिकेत जेमी ली कर्टिस, तिलाही पाहुण्या कलाकाराचा कॉमेडी एमी. बघताना माझे हात घामाने ओले झाले होते. हसलो एकदाच, तेही घाबरून.

एपिसोड अफलातून आहे, त्याबद्दल वाद नाही. मालिकाही मला आवडते. भावाच्या आत्महत्येनंतर त्याचं सँडविचचं दुकान चालवायला शिकागोला परतलेला शेफ, कर्ज, धूर, आरडाओरडा. काम करणाऱ्या माणसांबद्दल इतकं खरं मी टीव्हीवर फार कमी वेळा पाहिलंय. माझी तक्रार पुरस्काराबद्दल नाही, रांगेबद्दल आहे. कारण रांगेत मागे कोणीतरी उभं असतं.

प्रमुख अभिनेत्याची यादी बघा. जेरेमी ॲलन व्हाइट जिंकला. त्याच्यासमोर कोण होते? स्टीव्ह मार्टिन आणि मार्टिन शॉर्ट. व्हॉट वी डू इन द शॅडोजचा मॅट बेरी, जो नुसता एक शब्द लांबवून उच्चारतो आणि आपण सोफ्यावरून खाली. रिझर्व्हेशन डॉग्जचा डी'फॅरो वून-ए-ताय, त्या मालिकेच्या शेवटच्या सीझनला. आणि लॅरी डेव्हिड.

लॅरी डेव्हिडवर थोडं थांबतो. साइनफेल्ड घडवणारा हा माणूस. त्या मालिकेसाठी त्याला एमी मिळाले आहेत. पण कर्ब युअर एन्थुझिॲझममध्ये तो २००० पासून स्वतःचीच चिडकी, खडूस आवृत्ती साकारत होता. १२ सीझन. एप्रिल २०२४ मध्ये ती मालिका संपली. अभिनयाचा एमी? शेवटपर्यंत एकही नाही. ही शेवटची संधी होती, आणि ती गेली अशा अभिनेत्याकडे ज्याला त्या सीझनमध्ये कोणाला हसवायचंच नव्हतं.

एक सेकंदाचा टायमिंग चुकला की विनोद मेला, हे कॉलेजच्या एकांकिकेत कोणी काम केलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. रडवणं सोपं नाही, पण हसवणं जास्त अवघड आहे, आणि ते सोपं दिसावं लागतं. रडणाऱ्याची मेहनत दिसते, हसवणाऱ्याची लपलेली असते. दोघांना एका तराजूत घातलं की पारडं बहुतेक वेळा रडणाऱ्याकडेच झुकतं. कॉमेडीचा वेगळा विभाग असतो तो याचसाठी ना? तिथेही गंभीर कामच जिंकणार असेल तर विनोदी नटाने जायचं कुठे?

मग हॅक्स कशी जिंकली?

आता दुसरा प्रश्न. द बेअरला २३ नामांकनं होती, कॉमेडी मालिकेसाठी तेव्हाचा विक्रम. आधीचा २२ चा विक्रम ३० रॉकचा होता. अभिनयाचे तीन आणि दिग्दर्शनाचा एक तिने घेतला. मग शेवटच्या क्षणी मालिकेचा पुरस्कार कसा हुकला?

इथे मतदानाची पद्धत समजून घ्यायला हवी. अकादमीचे मतदार वीस हजारांच्या वर आहेत, पण सगळे सगळीकडे मत देत नाहीत. अभिनयाच्या विभागात कलाकार मत देतात, दिग्दर्शनात दिग्दर्शक, लेखनात लेखक. "सर्वोत्कृष्ट मालिका" या विभागात मात्र सगळेच: संकलक, कॅमेरामन, वेशभूषाकार, अधिकारी, सगळे.

या नजरेने निकाल पुन्हा वाचा. कलाकारांनी द बेअरचे कलाकार निवडले. दिग्दर्शकांनी द बेअरचा दिग्दर्शक. लेखकांनी हॅक्स निवडली. आणि सगळ्यांनी मिळून हॅक्स. म्हणजे यात विरोधाभास काही नाही. आपल्याला टीव्हीवर एकच निवडणूक दिसते, पण त्या प्रत्यक्षात वेगवेगळ्या निवडणुका आहेत, वेगवेगळ्या मतदारयाद्यांच्या. ड्रामातही तेच झालं. मालिका, दिग्दर्शन आणि प्रमुख अभिनय शोगुनकडे, पण लेखनाचा पुरस्कार स्लो हॉर्सेससाठी विल स्मिथला. (तो नव्हे! हा ब्रिटिश लेखक आहे.) तिथे शोगुनचे दोन एपिसोड नामांकनात होते, त्यामुळे तिची मतं आपसात फुटली असावीत असा माझा अंदाज.

दुसरं कारण तारखांमध्ये आहे. एमीचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. २०२४ मध्ये द बेअरचा जो सीझन स्पर्धेत होता तो दुसरा, जून २०२३ मध्ये आलेला. तिसरा सीझन आला जून २०२४ च्या शेवटी. आणि अंतिम मतदान कधी? ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे मतदार बॅलट उघडून बसले तेव्हा त्यांच्या डोक्यात ताजा होता तिसरा सीझन, जो बऱ्याच जणांना संथ आणि उदास वाटला होता. मत मागितलं जात होतं जुन्या व्हर्जनवर, आणि स्क्रीनवर चालू होतं नवीन. हा माझा तर्क आहे, पण बऱ्यापैकी पटणारा आहे.

तिसरं कारण म्हणजे तुमचाच प्रश्न. "ही कॉमेडी कशी?" ही चर्चा वर्षभर चालली होती. लेव्ही बाप-लेकांनीही सुरुवातीलाच त्यावरून टोमणा मारला. कुठेतरी मतदारांनाही वाटलं असणार की कॉमेडीचा मोठा पुरस्कार एकदा खऱ्या कॉमेडीला देऊ या.

आणि हॅक्स ही कॉमेडीबद्दलचीच कॉमेडी आहे. साठी ओलांडलेली, लास वेगासमध्ये शो करणारी स्टँडअप कलाकार आणि तिला नवे विनोद लिहून देणारी तरुण लेखिका. दोघी एकमेकींचा अपमान करतात, एकमेकींशिवाय राहूही शकत नाहीत. पहिल्या दोन्ही सीझनला ती टेड लासोकडून हरली होती, २०२४ मध्ये तिसऱ्या सीझनला जिंकली. मला मनापासून आनंद झाला. विनोद लिहिणं हे काम आहे, रोज बसून करायचं, पन्नास ओळी खोडून एक ठेवायची असं काम आहे, हे ती मालिका दाखवते.

शोगुन: रांग बदलली, तरी जिंकणं खरं

आता शोगुन. इथेही रांगेचा खेळ आहेच.

जेम्स क्लॅव्हेलच्या १९७५ च्या कादंबरीवरची ही मालिका मुळात लिमिटेड सिरीज म्हणून आखली होती. दहा एपिसोडमध्ये पुस्तक संपतं. मे २०२४ मध्ये, अर्जांच्या अगदी तोंडावर, एफएक्सने पुढच्या सीझनांवर काम सुरू असल्याचं जाहीर केलं आणि शोगुन ड्रामाच्या रांगेत गेली.

ड्रामाची रांग त्या वर्षी कशी होती? सक्सेशन संपलेली. व्हाइट लोटस, लास्ट ऑफ अस, हाउस ऑफ द ड्रॅगन, कोणाचाच सीझन त्या बारा महिन्यांत नाही. संपांमुळे सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडलेलं. मैदान मोकळं. आणि लिमिटेडमध्ये? तिथे बेबी रेनडिअर उभी होती. शोगुन तिथे राहिली असती तर सनाडा आणि गॅड यांच्यापैकी एकजण, सावाई आणि जोडी फॉस्टर यांच्यापैकी एकजण रिकाम्या हाताने घरी गेला असता. एक पाटी बदलली आणि चौघांच्या हातात एमी आले.

पण म्हणून मी शोगुनला चिडवणार नाही. द बेअर आणि शोगुन यांच्यात फरक आहे. शोगुन ड्रामाच आहे, ड्रामाच्या रांगेत तिने कोणाचा प्रकार बळकावला नाही.

आणि तिने जे केलं ते मोठं आहे. मालिकेचे सुमारे सत्तर टक्के संवाद जपानी. इंग्रजीत नसलेल्या मालिकेने ड्रामाचा मुख्य एमी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. यामागचं काम ऐका: पटकथा इंग्रजीत लिहिली गेली, तिचं जपानीत भाषांतर झालं, मग क्योको मोरिवाकी या लेखिकेने ते संवाद त्या काळच्या जपानी बोलण्याच्या वळणात बसवले, आणि सबटायटलसाठी ते पुन्हा इंग्रजीत आणले. म्हणजे आपण वाचतो ती ओळ तीन हात फिरून आलेली असते. सनाडा नट म्हणून होताच, शिवाय निर्माताही होता, आणि जपानी तपशील चुकणार नाहीत यासाठी सेटवर झटत होता. मालिकेचा पुरस्कार घेताना तो जपानीत बोलला, जपानी ऐतिहासिक नाट्याची परंपरा सांभाळणाऱ्या आधीच्या लोकांचे आभार मानले. समोर अर्ध्या जणांना शब्द कळले नसतील. तरी सभागृह शांतपणे ऐकत होतं. मला अख्ख्या सोहळ्यातला सगळ्यात आवडलेला क्षण तो.

याच कादंबरीवर १९८० मध्येही अमेरिकेत मालिका झाली होती. तिच्यात जपानी संवादांना सबटायटलच नव्हते! इंग्रज खलाशाला कळत नाही, तर प्रेक्षकालाही कळायला नको, असा हिशोब. तेव्हा जपानी म्हणजे मागचा आवाज होता, आता तीच मालिकेची मुख्य भाषा आहे.

तिसरा प्रश्न राहिला. जपानी मालिका अमेरिकन एमीत कशी? कारण ती अमेरिकन निर्मिती आहे, एफएक्सची, आणि चित्रीकरण बहुतांश कॅनडात. आपल्या दिल्ली क्राइमला २०२० मध्ये आणि वीर दासला २०२३ मध्ये मिळाला तो इंटरनॅशनल एमी. त्याची अकादमी वेगळी, सोहळा वेगळा, न्यूयॉर्कमध्ये होतो. आपल्या बातम्यांमध्ये दोन्हींना नुसतं "एमी" म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. इथेसुद्धा रांगच बघा: भाषा नाही, तर निर्मिती कुठली यावर ठरतं.

आपल्याकडे काय?

हे सगळं बोलताना आपल्या मराठी वाहिन्यांचे सोहळे डोळ्यासमोर आलेच. झी मराठी असो की स्टार प्रवाह, वाहिनीचा सोहळा, वाहिनीच्याच मालिका. शिवाय सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट कुटुंब. आपण त्यावर विनोद करतो. माझी आई मात्र ठामपणे म्हणते, "कौतुकाचा कार्यक्रम आहे तो, स्पर्धा कुठंय?" आणि तिचं बरोबर आहे. तिथे रांगा अशाच आखल्या जातात की कोणी नाराज होऊ नये, आणि ते कोणी लपवतही नाही. एमीत स्पर्धा खरी आहे, मतदान खरं आहे, पण रांगा आखण्याचा अधिकार स्पर्धकाकडेच आहे. त्यामुळे तिथला निकाल जास्त काळजीपूर्वक वाचावा लागतो.

मग उपाय काय?

मला घड्याळाचा नियम परत नको. तो मूर्खपणाचाच होता. अर्ध्या तासात रडवता येतं आणि तासभर हसवताही येतं. मला वाटतं निर्मात्यांनी विभाग सुचवावा, पण पक्का करू नये. नामांकनाच्या फेरीत मतदारांनाच विचारा: ही मालिका तुम्ही कुठे ठेवाल? वीस हजार लोक दिवसभर टीव्हीचंच काम करतात, त्यांना कॉमेडी ओळखता येते. एक जास्तीचा चेकबॉक्स लागेल, बस. एवढं तर मी एका दुपारी करून देईन.

तोपर्यंत निकाल वाचताना तीन गोष्टी बघत जा: कोणती रांग, कोणाची मतं, कोणता सीझन. "अमुक मालिका सर्वोत्कृष्ट ठरली" या वाक्याचा अर्थ त्यातून पुष्कळ स्पष्ट होतो. ऑस्करलाही हे लागू पडतं आणि ऑफिसातल्या "एम्प्लॉयी ऑफ द मंथ"लाही.

बघायचं असेल तर बेबी रेनडिअर नेटफ्लिक्सवर आहे; शोगुन आणि द बेअर २०२४ मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टारवर होत्या. शोगुन मात्र जेवताना मोबाइल टेकवून बघू नका, सबटायटल सुटतील आणि कोण कोणाला मारतंय ते कळणार नाही.

आणि एक काम तुमच्यासाठी. अशी एक मालिका सांगा, कुठल्याही भाषेतली, जी तुम्हाला खळखळून हसवते आणि जिला कधीच मोठा पुरस्कार मिळाला नाही. व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत. पुढचा एपिसोड त्यांच्यावरच करू. भेटू मग!